पिझ्झा सॉस: सगळा प्रश्न पाण्याचा

घरचा पिझ्झा फसला की खापर बेसवर फुटतं. बेस जाड होता, बेकरीतून आणला तेव्हाच शिळा होता, तव्यावर नीट शेकला गेला नाही. बऱ्याचदा बेस बिचारा निर्दोष असतो. त्याच्यावर आपण जो लाल थर पसरतो त्यातलं पाणी खाली झिरपतं, वरून चीजचं झाकण बसतं आणि मधल्यामध्ये पाव भिजतो. कडा खुसखुशीत आणि मधला घास म्हणजे लगदा. हे टाळायचं तर आधी सॉसकडे बघायला हवं, आणि सॉसकडे बघायचं म्हणजे टोमॅटोतल्या पाण्याकडे.

पिकलेल्या टोमॅटोत वजनाच्या ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. साखर, आंबटपणा, रंग, पेक्टिन, तंतू, क्षार हा सगळा संसार उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत. पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. मंडईतून मात्र ते टोमॅटोच्या भावाने पिशव्या भरभरून पाणी घरी नेतात. त्यातलं किती ठेवायचं, किती घालवायचं आणि कसं घालवायचं, एवढं कळलं की पिझ्झा सॉसचं पाऊण काम झालं. लसूण आणि ओरेगॅनो ही नंतरची गोष्ट.

नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची १९८४ साली स्थापन झालेली एक संघटना आहे. अस्सल नेपल्सचा पिझ्झा कशाला म्हणायचं याचे नियम तिने लिहून ठेवले आहेत, आणि त्यात सॉस शिजवलेलाच नाही. सोललेले टोमॅटो कुस्करायचे, मीठ घालायचं, झाला सॉस. हे वाचून आपल्याकडचे हौशी लोक घरी तसंच करतात आणि पस्तावतात. कारण त्याच नियमांत पुढे भट्टीही सांगितलेली आहे. भट्टी लाकडाची, तिचा तळ ४३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला, वरचा घुमट ४८५ पर्यंत, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. त्या धगीत कणकेला भिजायला सवडच मिळत नाही, त्याआधी ती भाजून निघते.

आपल्या घरचा ओटीजी २३०, फार तर २५० अंशांवर थांबतो. पिझ्झा त्यात दहा-बारा मिनिटं राहतो आणि तेवढा वेळ सॉस खालच्या पावाला पाणी पाजत असतो. तव्यावर झाकण ठेवून केलेल्या पिझ्झात तर वाफेला बाहेर पडायला वाटच नसते. ती झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत चीजवर येते. तेव्हा भट्टी जितकी थंड, तितका सॉस घट्ट हवा. लाकडाच्या भट्टीला कच्चा चालतो, ओटीजीला आटवलेला लागतो, तव्याला त्याहूनही आटवलेला. पाककृतीच्या पुस्तकांत सॉसची कृती एका पानावर आणि भाजण्याची दुसऱ्या पानावर छापतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

आता सामान. या बाबतीत पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लोकांइतके सुदैवी कोणी नसेल. नाशिक फाट्यावरून पुणे-नाशिक रस्त्याला लागा. भोसरी गेली की मोशी, तिथे पुणे बाजार समितीचा नागेश्वर महाराज उपबाजार. पुढे चाकण. बाहेरच्यांना चाकण म्हणजे मोटारींचे कारखाने, पण खेड बाजार समितीचं महात्मा फुले मार्केट यार्डही चाकणलाच आहे. कांदा, बटाटा, लसूण, हिरवी मिरची यांची तिथली आवक आणि भाव जिल्ह्याच्या पेपरांतून नेमाने येत असतात. तळेगाव चौकातली कोंडी एकदा पार केली आणि राजगुरुनगर मागे टाकलं की मंचर येतं. १९९२ साली सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचा दूधप्रकल्प तिथे आहे आणि ‘गो’ चीज त्यांचंच. आणखी पुढे नारायणगाव, जुन्नर तालुक्यातली टोमॅटोची मोठी बाजारपेठ. तमाशापंढरी म्हणून लोक या गावाला ओळखतात, शास्त्रज्ञ शेजारच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे ओळखतात, आणि देशभरचे भाजी व्यापारी टोमॅटोमुळे. म्हणजे पिझ्झ्याचा लाल थर, पांढरा थर आणि त्यातला लसूण एकाच रस्त्याच्या कडेला मिळतो. इटलीहून पुणे जिल्ह्यात फियाट रांजणगावला आली, पियाजिओ बारामतीला आली. टोमॅटो मात्र तिकडून आणायचं काही कारण नाही.

तरी वाटेल ते टोमॅटो चालत नाहीत. चाकणच्या कारखान्यात आलेला माल इनकमिंग इन्स्पेक्शन झाल्याशिवाय लाइनवर जात नाही. टोमॅटोलाही तोच न्याय लावावा. मंडईत साधारण दोन तऱ्हा दिसतात. गावरान म्हणून विकला जाणारा चपटा, शिरा असलेला, पातळ सालीचा, आंबट आणि रसाळ. दुसरा हायब्रीड: लांबट किंवा अंडाकृती, टणक, जाड भिंतीचा. खाण्याच्या बाबतीत जाणकार हायब्रीडला नाकं मुरडतात. त्यात तथ्य आहे, कारण क्रेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर जाताना फुटू नये या गुणासाठी तो निवडला गेला आहे, चव मागे पडली. सार, कोशिंबीर, सँडविच यांना गावरानच हवा. सॉससाठी मात्र हायब्रीडचा हा दोष उपयोगी पडतो, कारण भिंत जाड म्हणजे गर जास्त, आणि पोकळीतलं पाणी कमी म्हणजे आटवायला गॅस कमी. नेपल्सजवळच्या ज्या सान मार्झानो टोमॅटोचा एवढा बोलबाला आहे, ज्याला १९९६ मध्ये युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं, तोही लांबुळका, कमी बियांचा आणि भरपूर गराचाच. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भाग्यश्री’ नावाचं वाण काढलं आहे. गडद लाल, गर भरपूर, बिया कमी, म्हणून प्रक्रियेसाठी ते शिफारशीत असतं. मंडईतल्या मावशी वाणाचं नाव सांगणार नाहीत, त्यांना ते माहीत असायचं कारणही नाही. ‘लांबट, कडक पण लालभडक द्या’ म्हणावं. तीन भाग असे आणि एक भाग गावरान घेतले की गरही मिळतो आणि आंबटपणाची धारही.

घरी आल्यावर एक टोमॅटो आडवा कापून बघा. आतली भिंत बोटाच्या नखाइतकी तरी जाड हवी, आणि देठाखालचा गाभा पांढरा नको. पांढरा असेल तर फळ पिकलेलं नाही, नुसतं रंगलेलं आहे. लांबच्या बाजाराचा माल झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. रंग फिरायला लागला की तोडतात. असे टोमॅटो टोपलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस ठेवले की पिकतात. फ्रिजमध्ये ते नुसते जुने होतात. साधारण १२ अंशांच्या खाली टोमॅटोतली सुगंध तयार करणारी यंत्रणा बंद पडते, आणि बाहेर काढल्यावर ती पुरती सावरत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. लाल रंग देणारं लायकोपीन ३०-३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळं कॅरोटीन मात्र होत राहतं. म्हणून एप्रिल-मेच्या टोमॅटोचे खांदे पिवळट-नारिंगी दिसतात आणि सॉसही विटकरी होतो. रंग टाकायची गरज नाही, ब्याडगी मिरची भिजवून वाटून घातली की भागतं. रंगाचा असाच, पण फार मोठा फटका २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना बसला. विषाणूमुळे फळं एकसारखी पिकेनात, एकाच टोमॅटोवर लाल-पिवळे-हिरवट पट्टे दिसायला लागले. शेतकऱ्यांनी त्या रोगाला नाव दिलं ‘तिरंगा’.

आता करायला घेऊ. एक किलो टोमॅटो, दोन मोठे चमचे तेल, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, मीठ, थोडा ओरेगॅनो, थोडी मिरची. एवढंच.

बहुतेक घरांत पहिली पायरी म्हणजे टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढणं, आणि सॉस पाणचट होण्याचं मूळ तिथेच असतं. टोमॅटोच्या पेशींमध्ये पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. त्याच पेशींमध्ये पेक्टिन तोडणारी विकरंही असतात, पण फळ अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. कापलं, वाटलं की पडते. मिक्सरमध्ये वाटून अर्धा तास ठेवलेला टोमॅटो पाहा. वर गुलाबी फेस, मध्ये गर आणि तळाला पिवळट पाणी. पेक्टिनचे तुकडे झाले, पाणी धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. मग ते कितीही आटवलं तरी पोत रवाळ राहतो. फेसाचं कारण वेगळं, तो पात्याने आत मारलेल्या हवेचा. रंग फिकट होतो तो त्यानेच. वर बिया फुटून किंचित कडवटपणा येतो तो निराळा.

ही विकरं उष्णतेने निकामी होतात. घट्ट पेस्ट करायची असेल तेव्हा कारखान्यांत टोमॅटो चिरडता चिरडताच ९० अंशांच्या आसपास तापवतात. घरी इतकंच करायचं की कढई आधी चांगली तापवायची, टोमॅटोच्या मोठ्या फोडी करून लगेच आत टाकायच्या, सगळ्या एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत. कढईतली उकळी मोडता कामा नये. आधी शिजवा, मग गाळा.

गाळायला पुरणयंत्र काढा. वर्षातून दोनदा, होळीला आणि श्रावणात, माळ्यावरून उतरणारं हे यंत्र पिझ्झा सॉससाठीच बनवलेलं वाटावं इतकं चपखल आहे. इटालियन घरांत टोमॅटो गाळायला वापरतात ते हातयंत्र याचंच भावंड: वर फिरणारं पातं, खाली भोकांची चकती, बाजूला दांडा. बारीक भोकांची चकती लावली तर साली आणि बहुतेक बिया वर राहतात, गर खाली उतरतो, हवा आत जात नाही. टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून साली काढायचा खटाटोपही वाचतो. पुरणयंत्र नसेल तर पीठ चाळायची स्टीलची चाळणी आणि डाव.

बियांभोवतीची जेली मात्र टाकू नका. सुबकपणाच्या नादात लोक टोमॅटो कापून आतला बुळबुळीत भाग नळाखाली धुऊन टाकतात, आणि पाण्याबरोबर चवही मोरीत जाते. जिभेला भरीव, मांसल वाटणारी जी चव असते ती ग्लुटामेटची, आणि ते बाहेरच्या भिंतीपेक्षा या जेलीत कितीतरी जास्त असतं. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजून दाखवलं आहे. पाणी नको म्हणून जेली फेकण्यापेक्षा जेली ठेवून पाणी उडवावं.

ते उडवायचं कशात, यालाही महत्त्व आहे. पाणी पृष्ठभागावरून जातं, म्हणून भांडं उथळ आणि पसरट हवं. २० सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याऐवजी २८ सेंटिमीटरची कढई घेतली तर पृष्ठभाग जवळजवळ दुप्पट होतो आणि वेळ त्याच मानाने कमी लागतो. वेळ कमी म्हणजे ताज्या टोमॅटोचा वास जास्त टिकतो. कुकरची शिट्टी काढून सॉस करणाऱ्यांचा मुद्दा मला कळलेला नाही. कुकरचा जन्मच मुळी पाणी आत कोंडून ठेवण्यासाठी आहे. धातूचंही बघावं लागतं. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंडी कढईत सॉस काळवंडतो आणि रक्तासारखी चव येते, साध्या अॅल्युमिनियममध्येही धातूची चव उतरते. जाड बुडाचं स्टील सगळ्यांत निर्धोक.

किती आटवायचं? इथे बाळबोध गणित कामी येतं. एक किलो टोमॅटोत साधारण ५० ग्रॅम घन भाग. साली-बिया वजा करता गर राहतो साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, त्यात घन भाग ४० ते ४५ ग्रॅम. ओटीजीतल्या पिझ्झ्याला घन भाग दहा-अकरा टक्के असला की सॉस पसरतो पण वाहत नाही. म्हणजे गर आटून ४०० ग्रॅमवर यायला हवा. तव्याच्या पिझ्झ्याला ३५० किंवा त्याहून थोडा खाली. बाजारातल्या प्युरीत घन भाग किमान ९ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के असावा असा आपल्याकडे सरकारी दंडक आहे, त्या दोन टोकांत आपला सॉस प्युरीच्या जवळ बसतो. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर रिकाम्या कढईचं वजन आधी कागदावर टिपून ठेवा आणि मधूनमधून कढई काट्यावर ठेवा. कारखान्यात दिवसभर मापं घेणाऱ्यांना हे शिकवायला नको.

काटा नसेल तर कान आणि डोळे आहेत. सुरुवातीला सॉस पाण्यासारखा खदखदतो, बुडबुडे बारीक आणि भराभर येतात. पाणी उतरलं की आवाज जड होतो, बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागतात, प्रत्येक बुडबुडा फुटताना लाल शिंतोडा ओट्यावर उडतो. आता आच मंद करून जाळीचं झाकण ठेवायचं आणि उलथन्याने तळ खरवडत राहायचं. उलथनं कढईच्या मधून ओढल्यावर मागे पडलेली वाट लगेच बुजत असेल तर अजून वेळ आहे. दोन-तीन सेकंद तळ दिसत राहिला तर झालंच. खात्री करायची तर चमचाभर सॉस कोरड्या ताटलीत टाकून मिनिटभर थांबा. ढिगाच्या कडेने पाण्याचं कडं सुटलं तर परत आटवा. उद्या पिझ्झ्यावर नेमकं तेच पाणी सुटणार असतं.

भाजीचा मसाला परतताना ‘तेल सुटेपर्यंत’ ही आपली ठरलेली खूण. पाणी बरंचसं गेलं की तेलाला धरून ठेवणारं मिश्रण फुटतं आणि तेल कडेला येतं. सॉसमध्ये ती खूण दिसू लागली की गॅस बंद करायचा. तेल पुरतं वेगळं होऊ दिलं तर चव ग्रेव्हीची होते, आणि पिझ्झ्यावर पनीर टिक्का मसाला पसरल्यासारखं वाटतं. काही जणांना तेच आवडतं, त्यांच्याशी वाद नाही.

लसणाचा वास पाकळी अखंड असताना जवळजवळ नसतोच. ठेचल्यावर पेशी फुटतात, एक विकर कामाला लागतं आणि अॅलिसिन तयार होतं. म्हणून लसूण ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवावा, मग कोमट तेलात घालून मंद आचेवर पांढऱ्याचा जेमतेम मोतिया होईतो परतावा आणि लगेच वर टोमॅटो घालावेत. आपल्या फोडणीसारखा खरपूस केला तर कडवटपणा सॉसभर पसरतो. कांदा घालायचा की नाही यावर घरोघरी मतं आहेत. माझं मत, घालू नये. घातलाच तर अगदी बारीक चिरून, थोडा, आणि पूर्ण विरघळेपर्यंत. जाड चिरलेल्या कांद्याने भाजीचा वास येतो. जैन घरांत लसूणही वर्ज्य, तिथे थोडा गावरान टोमॅटो आणि चांगलं तेल वाढवलं की उणीव फारशी जाणवत नाही.

ओरेगॅनोच्या पुड्या पिझ्झावाल्यांकडून मागवून डब्यात साठवण्याची पद्धत घराघरांत आहे, आणि तिला कोणी नावं ठेवू नयेत. वाळलेला ओरेगॅनो तळहातावर चुरडून, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी घालावा. त्याचा मुख्य वास कार्व्हाक्रॉल या द्रव्याचा. आपल्या ओव्यात त्याचंच भावकीतलं थायमॉल असतं. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी जरा वेगळी. बाल्कनीत कुंडीत जो मांसल, लवदार पानांचा पानओवा असतो, ज्याची आपण भजी करतो, त्याच्या पानांत या दोन द्रव्यांचाच वास असतो. पुडी संपली असेल तर पानओव्याचं एक पान बारीक चिरून घाला. एकच, दोन घातली तर भज्यांची आठवण येईल.

बेसिलचंही तसंच. देवापुढची तुळस त्याच कुळातली असली तरी तिचा वास लवंगेकडे झुकतो आणि सॉसमध्ये काढ्याचा भास होतो. पण उन्हाळ्यात फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्या जातीचंच बी. किराणा दुकानातला मूठभर सब्जा कुंडीत पेरला, तर आठवड्याच्या आत रोपं दिसतात आणि महिना-दीड महिन्यात पानं खुडता येतात. वास इटालियन वाणाइतका गोड नसतो, थोडा बडीशेपेकडे जातो. तरी मॉलमधल्या प्लास्टिकच्या डबीतल्या काळपटलेल्या पानांपेक्षा तो परवडला. ही पानं शिजवू नयेत, गॅस बंद केल्यावर घालावीत.

मिरची घातली की सॉस ‘भारतीय’ झाला असं म्हणणाऱ्यांनी एक जुनी नोंद बघावी. आंतोनियो लातिनी नावाचा नेपल्समधल्या एका उमरावाच्या मुदपाकखान्याचा कारभारी होता, त्याने १६९० च्या दशकात पाककलेवर ग्रंथ छापला. इटालियन भाषेत छापील रूपात आलेल्या टोमॅटो सॉसच्या सर्वांत जुन्या कृतींत त्याची कृती धरतात. टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, सुरीने बारीक चिरायचे, त्यात कांदा, तिखट मिरची, थोडी रानओव्यासारखी वनस्पती, मीठ, तेल आणि व्हिनेगर. व्हिनेगर वगळलं तर ही मावळातली भाजलेल्या टोमॅटोची चटणी झाली. तेव्हा सुकी मिरची भरड कुटून खुशाल घाला.

मीठ अगदी शेवटी. आटवण्याआधी घातलं तर अंदाज चुकतो, कारण पाणी अर्धं होतं आणि मीठ तेवढंच राहतं. चारशे ग्रॅम सॉसला चहाचा एक सपाट चमचा पुरतो, कारण चीजही खारट असतं. टोमॅटो फारच आंबट निघाले तर अर्धा चमचा साखर. खायचा सोडा चिमटीच्या चिमटीएवढा घातला तर आम्ल कमी होऊन फेस येतो, पण जरा जास्त झाला की रंग मरतो आणि चव सपक लागते. त्यापेक्षा साखर बरी.

बाजारातल्या तयार सॉसकडे एकदा लेबल वाचण्यापुरतं बघावं. घटकांत १४२२ किंवा ४१५ असे आकडे दिसतात. १४२२ हा प्रक्रिया केलेला स्टार्च, ४१५ म्हणजे झॅन्थन गम. दोन्ही खाण्यास मान्यताप्राप्त आहेत, घाबरायचं काही नाही. त्यांचं काम पाणी न उडवता धरून ठेवणं, म्हणजे आपण गॅस जाळून जे करतो ते ते स्वस्तात करतात. चवीला अर्थात टोमॅटो कमीच राहतो. डॉमिनोज आणि पिझ्झा हट १९९६ मध्ये भारतात आले, त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं घरगुती पिझ्झ्यावर सरळ केचप थापलं जाई. केचपने बेस भिजत नाही हे खरं, कारण त्यात घन भाग किमान २५ टक्के लागतो, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा असतो. निगडी, भोसरी, चाकणच्या गाड्यांवर केचपमध्ये शेजवान चटणी आणि मेयोनीज फेटून जो नारिंगी सॉस करतात, तो शिफ्ट सुटल्यावर भुकेल्या पोटी फर्मास लागतो. त्याला फक्त टोमॅटोचा सॉस म्हणू नये.

साठवणीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. टोमॅटोचा सामू साधारण ४.३ ते ४.९ च्या दरम्यान असतो, आणि ४.६ च्या वर हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. म्हणजे टोमॅटो कुंपणावरच बसलेला, आणि त्यात आपण लसूण आणि तेल घालतो. म्हणून घरचा सॉस बाटलीत भरून लोणच्यासारखा फडताळात ठेवायचा नाही, वर तेलाचा थर देऊनही नाही. तेलाने हवा अडते आणि त्या जंतूंना हवा नकोच असते. किलोमागे दोन चमचे लिंबाचा रस घातलेला बरा, पण जागा फ्रिजचीच, आणि तीही पाच-सहा दिवसांपुरती. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. तीन महिने काही होत नाही. एका वडीत साधारण दोन चमचे मावतात, आठ इंची बेसला तीन वड्या लागतात, म्हणजे ६० ते ६५ ग्रॅम. एका किलोत सहा पिझ्झे निघतात ते या हिशेबाने.

गोठवण्याचा खरा फायदा भावात आहे. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या पुढे गेलं होतं, आणि सप्टेंबर येईतो तेच भाव जमिनीवर आले. हा झोका दरवर्षी इतका मोठा नसतो, पण असतोच. नारायणगावचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जोरात असतो, पुढे नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतचा माल सुरू होतो. भाव पडलेला असेल तेव्हा सोसायटीतल्या चार घरांनी मिळून मोशीहून एक क्रेट उचलायचं. वीस किलोचा साधारण आठ किलो सॉस होतो, घरटी दोन किलो, तीस पिझ्झ्यांना पुरेल इतका. आठ किलो सॉस एका कढईत मात्र करू नये. थर उंच झाला की आटायला दुपार जाते आणि तोवर रंग काळपट होतो. चार गॅस, चार कढया. पुरणयंत्र एकच पुरतं. त्यात उरलेला साली-बियांचा चोथा उन्हात किंवा मंद ओटीजीत कडक वाळवून मिक्सरमधून काढला की लालसर आंबट पूड होते. पॉपकॉर्नवर ती फार छान लागते.